सरावापुरतं बाळ

सोमवारी सकाळी कार्यालय उघडल्यापासून शहरात कुणीही जन्माला आलं नाही. दवाखान्यांमध्ये बाळं होत होती, रडत होती, नाक कुणावर गेलंय यावरून दोन्हीकडचे आजोबा हमरीतुमरीवर येत होते, नाही असं नाही. पण जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या संगणकात ज्याची नोंद नाही तो जन्मलेलाच नाही, असा नियम आहे, आणि संगणक त्या दिवशी कुणाचीच नोंद घ्यायला तयार नव्हता. त्याच कारणाने दुपारपर्यंत शहरात कुणी मेलंही नाही. त्याबद्दल तक्रार करायला मात्र संबंधित व्यक्ती खिडकीवर आल्या नाहीत.

खिडकीमागे नोंदकाका बसले होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल, पण उभा जन्म दुसऱ्यांचे जन्म लिहिण्यात गेल्यामुळे सगळं शहर त्यांना नोंदकाकाच म्हणे. काकांचा एक नियम होता. दाखला छापण्याआधी ते कच्ची प्रत आईबापांच्या हातात देत आणि ती मोठ्याने वाचायला लावत. "आधी वाचा, मग सही." रांग दारापर्यंत जाऊ दे, नाहीतर रस्त्यावर जाऊ दे, काका हटत नसत. या नियमापायी त्यांनी भरपूर शिव्या खाल्ल्या होत्या. नाव चुकलं नाही म्हणून ज्यांना पुढे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले नाहीत, त्यांनी मनातल्या मनात आशीर्वादही दिले असतील. पण शिव्या ऐकू येतात, मनातले आशीर्वाद कुणाला ऐकू येतात?

पडद्यावर एकच ओळ होती : 'या आवृत्तीची मर्यादा संपली आहे. कृपया वरची आवृत्ती घ्यावी.'

साहेब, म्हणजे कार्यालयाचे निबंधक, आपल्या खोलीतून बाहेर आले. कंत्राटावरचा संगणकवाला आधीच टेबलाखाली शिरून काही वायरी काढून पुन्हा लावत होता. त्यामुळे काही होणार नव्हतं हे त्यालाही माहीत होतं, पण लोक बघत होते.

"डिस्क भरली का रे?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, डिस्क निम्म्याहून रिकामी आहे."

"मग घोडं पेंड कुठे खातंय?"

"आपल्या नोंदी ज्यात राहतात तो डेटाबेस सर्व्हर फुकटातला आहे, साहेब. 'प्रारंभ' आवृत्ती. ठरावीक हद्दीपर्यंत भरायचं आणि थांबायचं, असं त्याला शिकवून ठेवलंय."

"कुणी?"

"ज्या कंपनीने बनवला तिने."

साहेबांनी थोडा विचार केला. "म्हणजे गोदाम आपलं, जागा आपली, माल आपला, आणि आत पोतं ठेवायचं तर परवानगी त्यांची?"

"आपण तसं कबूल केलंय. बसवताना शेवटी एक बटण येतं, 'मान्य आहे' म्हणून."

"मग थोडे मेलेले पुसून टाका," साहेब म्हणाले. "जुने बघून."

"पुसलं तर कुणी, काय, कधी पुसलं त्याची नोंद ठेवावी लागते. त्या नोंदीला जागा नाही."

साहेबांनी याला प्रशासकीय भाषेत 'गुंतागुंतीची परिस्थिती' असं नाव दिलं, आणि परिस्थितीला नाव मिळाल्यामुळे सगळ्यांना जरा बरं वाटलं.

काकांना बरं वाटलं नाही. कारण आदल्याच दिवशी त्यांची लेक बाळंत झाली होती. मुलगी झाली होती. गोरीगोमटी, मूठभर, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजींनी खाली येऊन अभिनंदन केलं. जावई परदेशात नोकरीला होता. कंपनीने त्याला बायकोमुलासाठी घर दिलं होतं, राहण्याचा परवानाही दिला होता, पण परवान्याची मुदत महिनाअखेरीची. त्याच्या आत माय-लेकी तिथे पोचल्या नाहीत तर घरही जाणार आणि परवानाही जाणार, आणि त्यालाही सुट्टी नाही म्हणून लेकीचं तोंड बघायला वर्षभर थांबावं लागणार. पोचायचं तर बाळाला पासपोर्ट हवा, पासपोर्टला जन्माचा दाखला हवा, आणि दाखला द्यायचा कुणी? तर आजोबांनी.

"अहो, अख्ख्या गावाच्या पोरांना दाखले वाटलेत," काकू म्हणाल्या, "आणि घरच्या पोरीची वेळ आली तर म्हणे यंत्र रुसलंय! इतकी वर्षं तिथे करता तरी काय?"

"यंत्र रुसलेलं नाही, मर्यादा संपली आहे."

"माझीही संपली आहे," काकू म्हणाल्या आणि बाळाची दुपटी वाळत घालायला गेल्या.

कार्यालयात आवृत्ती-निवड समिती नेमण्यात आली. साहेब अध्यक्ष, काका सदस्य, आणि संगणकवाला 'विशेष निमंत्रित', म्हणजे त्याला खुर्ची होती पण चहा नव्हता. कंपनीकडून एक टायवाला आला. त्याने भिंतीवर तक्ता लटकवला. डावीकडे गुणांची यादी, वर आवृत्त्यांची नावं : प्रारंभ, मध्यम, सार्वभौम. मध्ये बरोबरच्या आणि चुकीच्या खुणा. प्रारंभच्या रकान्यात चुकीच्या खुणा इतक्या होत्या की काकांना आपलं शाळेतलं गणित आठवलं.

"नोंदींना कुलूप," टायवाल्याने तक्त्यावर छडी ठेवली. "प्रारंभमध्ये नाही. मध्यममध्ये आहे. सार्वभौममध्ये कुलूप आहे आणि किल्लीही आहे."

"मध्यममध्ये किल्ली नाही?" काकांनी विचारलं.

"ती वेगळी घ्यावी लागते. पुढे, आपत्तीतून सावरणं. प्रारंभ, नाही. मध्यम, मूलभूत. सार्वभौम, संपूर्ण."

"मूलभूत सावरणं म्हणजे काय हो?"

"म्हणजे आपत्ती आली की ती आली असं तो कळवतो."

"आणि हा वेग? यात प्रारंभ एवढा हळू का? साधा माल वापरलाय का?" साहेबांनी विचारलं.

"छे छे! माल एकच आहे, साहेब," टायवाल्याला वाईट वाटलं. "तिन्ही आवृत्त्या एकाच भट्टीतल्या. सार्वभौम जे करू शकतो ते सगळं प्रारंभलाही येतं. फक्त ते करू नये म्हणून आम्हाला त्यात जादा मेहनत घ्यावी लागते."

ही मेहनत कोणत्याच आवृत्तीच्या किमतीत धरलेली नाही, ती कंपनी समाजसेवा म्हणून करते, असंही त्याने सांगितलं. समितीने आभार मानले.

मग परवान्याचा विषय निघाला. परवाना दोन प्रकारे मिळे, यंत्रामागे किंवा माणसामागे. यंत्रामागे घ्यायचा तर यंत्राच्या मेंदूत जितके कप्पे तितके परवाने. "पण आमचे अर्धे कप्पे झोपलेलेच असतात," संगणकवाला न राहवून बोलला. टायवाला म्हणाला, झोपलेल्यांचेही भरावे लागतात. हे तत्त्व साहेबांना कार्यालयाच्या आस्थापनेमुळे चांगलं परिचित होतं, म्हणून त्यांनी वाद घातला नाही. पण आकडा ऐकल्यावर त्यांनी पाणी मागवलं.

"माणसामागे घेऊ," ते म्हणाले. "यंत्राला फक्त काका हात लावतील. एक माणूस, एक परवाना. झालं!"

"तसं नाही होत, साहेब. काका कुणासाठी बघतात?"

"खिडकीवरच्या माणसासाठी."

"मग तोही वापरणाराच. थेट किंवा अप्रत्यक्ष, असं अटीत आहे."

"तो बाळासाठी आलेला असतो."

"मग बाळही."

"काल जन्मलेलं बाळ तुमचा डेटाबेस वापरतं?" काकांचा आवाज चढला.

"लाभ कुणाला होतोय, काका?"

साहेबांनी घसा साफ केला. "आणि मेलेला माणूस?"

टायवाल्याने यावर प्रामाणिकपणे विचार केला. पिशवीतून अटींचं पुस्तक काढून चाळलं. "त्यांना सवलत आहे," तो म्हणाला. "पण जिवंत असताना घेतलेल्या परवान्याचं नूतनीकरण केलेलं असावं लागतं."

समितीच्या बैठका होत राहिल्या. दरम्यान लसीकरण केंद्राने बाळं परत पाठवायला सुरुवात केली, कारण जो जन्मलाच नाही त्याला टोचायचं कुठे? निवृत्तिवेतन कार्यालयाने कळवलं की शहराचं आयुर्मान अचानक वाढलं आहे, त्याबद्दल आरोग्य खात्याचं अभिनंदन. काका रोज घरी जात आणि लेक रोज एकच प्रश्न विचारी, "बाबा, झालं?" काका नातीकडे बघत. ती आजोबांचं बोट धरून ठेवी, सोडवायला गेलं तर भोकाड पसरी. एवढी सगळी पोर एका कागदाला मोताद, या विचाराने काका ताटावरून अर्धपोटी उठत.

शेवटी सगळ्यांनी हात टेकले, तेव्हा संगणकवाला पुटपुटला, "तशी एक चौथीही आवृत्ती आहे. तक्त्याच्या मागच्या बाजूला."

टायवाला एकदम खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

"सराव आवृत्ती," संगणकवाला म्हणाला. "सार्वभौममध्ये आहे ते सगळं. हद्द नाही, परवाना नाही, फुकट."

"मग आजवर दातखीळ बसली होती का तुझी?"

"अट आहे ना, साहेब. शिकणाऱ्यांसाठी, चाचणी करणाऱ्यांसाठी आहे ती. तिच्यावर खरं काम करायचं नाही."

साहेबांनी खिडकीतून आपल्या कार्यालयाकडे पाहिलं. एक कारकून टेबलावर डोकं ठेवून होता. दुसरा नखं कापत होता. तिसऱ्याची खुर्ची होती आणि खुर्चीवर कोट होता.

"मग यात अडचण काय आहे?" साहेबांनी विचारलं.

त्याच दुपारी परिपत्रक निघालं. 'या कार्यालयातील सर्व कामकाज पुढील आदेशापर्यंत सराव समजण्यात यावे. अर्जदारांनी आपले बाळ काल्पनिक असून सरावापुरतेच असल्याचे हमीपत्र अर्जासोबत द्यावे. वेळेच्या बचतीसाठी प्रती मोठ्याने वाचून घेण्याची पद्धत बंद करण्यात येत आहे.'

सराव आवृत्ती बसवताना पडद्यावर अटी आल्या. खाली सरकवत गेलं तरी संपेनात. अगदी तळाला बटण होतं, 'मी वाचले आहे व मला मान्य आहे'. जबाबदार अधिकाऱ्याने दाबायचं होतं. साहेबांना त्याच वेळी महत्त्वाचा फोन आला. संगणकवाला कंत्राटी. राहिले काका.

काकांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या. तिसरीवर त्यांना नातीची मूठ आठवली, महिनाअखेर आठवली, काकूंचा चेहरा आठवला. "च्यायला, एवढं कोण वाचतंय!" असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. उभ्या नोकरीत हे वाक्य त्यांनी खिडकीपलीकडून हजारदा ऐकलं होतं, अलीकडून पहिल्यांदाच.

पहिली नोंद नातीची झाली. दाखला छापून आला, शिक्का बसला, आणि काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यामुळे खालची बारीक ओळ त्यांना चष्मा पुसल्यावर दिसली : 'सराव प्रत. यातील व्यक्ती केवळ चाचणीसाठी आहे. प्रत्यक्ष जीवनात वापर करू नये.'

"छपाईत आपोआप येते ती," संगणकवाल्याने समजूत घातली. "कुणी वाचत नाही हो काका."

आणि त्याचं खरं होतं. रांग सुरू झाली आणि झरझर पुढे सरकू लागली. एकच बाप जरा खट निघाला. हमीपत्र डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "अहो, हे काय? माझं बाळ काल्पनिक?" त्याच्या मागून आवाज आला, "सही करा हो! काल्पनिक तर काल्पनिक, आम्हाला दवाखान्यात जायचंय." बापाने इकडेतिकडे पाहिलं आणि सही केली. काका 'आधी वाचा' म्हणायला तोंड उघडत आणि परिपत्रक आठवून मिटत.

सराव आवृत्ती आपली खुशाली रोज कंपनीला कळवते, ही अट अर्थातच न वाचलेल्या भागात होती. आठवड्यातच कंपनीची तपासनीस बाई दारात उभी राहिली. नीटनेटकी साडी, हातात बारका संगणक, बोलणं गोड. तिने स्वच्छ सांगितलं, इथे खरं काम चालत असेल तर सार्वभौमचे पैसे दंडासकट, आणि ज्याने 'मान्य आहे' दाबलं त्याच्यावर व्यक्तिशः कारवाई. काकांची निवृत्ती तोंडावर आली होती. त्यांनी बटण दाबलेलं बोट मुठीत लपवलं.

"बसा ना, बाई," साहेब मात्र निर्धास्त होते. "दिवसभर बसा. तुम्हीच बघा."

बाई बसली. तिने जे पाहिलं ते तटस्थपणे टिपून घेतलं. दुपारी साहेबांनी कर्मचाऱ्यांची बैठक घेतली. एरवी तुम्ही जसे वागता तसेच वागा, कामाचं सोंग आणू नका, एवढंच त्यांनी विनवलं. सेवाकाळात वरिष्ठांची एवढी साधी अपेक्षा कुणीच पाहिली नव्हती. सगळ्यांनी जीव तोडून सहकार्य केलं.

संध्याकाळी बाई म्हणाली, "मी पुष्कळ कार्यालयं तपासली, पण अटीचं इतकं काटेकोर पालन कुठे पाहिलं नाही. इथे खऱ्या कामाचा मागमूस नाही." साहेबांची छाती फुगली. "फक्त एक नोंद तेवढी खटकते. पहिलीच. बाकी सगळ्यांची हमीपत्रं आहेत, हिचं नाही. आडनाव वेगळं आहे, पण घराचा पत्ता काकांचाच दिसतो. ही मुलगी खरी आहे का, काका?"

आता दैव बघा कसं असतं. पासपोर्टसाठी दाखल्याची आणखी एक प्रत हवी होती, म्हणून काकांची लेक बाळाला घेऊन नेमकी त्याच वेळी दारात आली. बाळाला भूक लागली होती आणि ती गोष्ट ते चार भिंतींना ठणकावून सांगत होतं.

"हे कोण?" बाईने विचारलं.

साहेबांनी काकांकडे पाहिलं. कारकुनांनी पाहिलं. डोकं टेबलावर ठेवलेल्यानेसुद्धा डोकं उचलून पाहिलं. काकांना वाटलं, ओरडून सांगावं : माझी नात आहे ती, हाडामांसाची, माझं बोट सोडत नाही ती! पण एक नोंद खरी म्हटली की सगळ्याच खऱ्या होत होत्या, कार्यालय खरं होत होतं, दंड खरा होत होता. निवृत्तिवेतन तेवढं खोटं ठरत होतं.

"सरावाचं आहे," काका म्हणाले. "नमुना म्हणून ठेवलंय. काल्पनिक."

बाळ अधिकच जोरात रडलं. बाईने क्षणभर कान देऊन ऐकलं. "नमुना चांगला आहे," ती म्हणाली, आणि अनुपालनाचं प्रमाणपत्र साहेबांच्या हातात देऊन निघून गेली. साहेबांनी ते त्याच दिवशी चौकटीत बसवून भिंतीवर लावलं : 'या कार्यालयात कोणतेही खरे काम होत नाही, असे प्रमाणित करण्यात येते.'

लेकीने दाखल्याची दुसरी प्रत घेतली आणि बाळाला घेऊन ती घरी गेली. पासपोर्ट मुदतीत मिळाला, कारण तिथल्या कारकुनाने शिक्का पाहिला आणि खालची ओळ वाचली नाही. विमानतळावरही कुणी वाचली नाही. सगळं कसं सुरळीत पार पडलं. निघताना काका नातीला घ्यायला पुढे झाले, तेव्हा लेकीने तिला त्यांच्या हातात दिली आणि हळूच विचारलं, "बाबा, हिला खरी म्हणायला तुम्हाला कुठली आवृत्ती लागते हो?"

काकांनी नातीचं दुपटं सारखं केलं. नातीने बोट धरलं होतं, ते लेकीने अलगद सोडवलं. या वेळी बाळ रडलं नाही, ते झोपलं होतं.

काका पुन्हा खिडकीमागे बसतात. रांग झरझर सरकते, लोक खूश आहेत, वर्तमानपत्रात 'तत्पर सेवा' म्हणून फोटोही आला. आणि तुम्ही हे वाचून हसताय, ते ठीकच आहे. काकांनी बाईला ताडकन खरं सांगायला हवं होतं, हे तुम्हालाही वाटलं असेल. तुम्ही नक्कीच सांगितलं असतंत. तुम्ही तर काल फोनवर ते 'मान्य आहे' दाबलंत, तेव्हाही सगळं वाचूनच दाबलंत, नाही का? असो. तुमचा जन्माचा दाखला कपाटात असेल. सवड मिळाली तर काढा आणि अगदी खालची ओळ बघा. चष्मा लावून बघा. ओळ दिसली नाही, तर निश्चिंत मात्र होऊ नका; त्या कार्यालयातली शाई अलीकडे जरा फिकट येते.